शंभरातले पाच

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

सईनं ग्रुपवर फोटो टाकलेत, त्यामुळे काय काय पाहिलं ते तुला कळलंच असेल. त्यात आम्ही सगळे हसतोय, त्यावर जाऊ नकोस. लिस्बन म्हणजे नुसते चढउतार, आणि तुझ्या बहिणीनं दिवसाचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलेलं. आजीच्या गुडघ्यांसाठी त्यात एकही रकाना नव्हता.

सकाळी 28 नंबरची ट्राम. पिवळी, लाकडी, 1930 च्या दशकातली, अजून रोज धावते. अल्फामा भागात बोळ इतके अरुंद आहेत की रस्त्यावरची माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात तेव्हा ती पुढे सरकते. बाबांना बसायला मिळालं नाही. एका हातात वरची कडी, दुसरा पाकिटाच्या खिशावर, असा विरार लोकलचा अनुभव कामी आला. मग किल्ला. वरून नदी आणि लाल कौलं छान दिसतात, पण आजीनं तिथले मोर पाहिले आणि म्हणाली, "मोर आपल्याकडेही आहेत की." झालं, किल्ला संपला.

खरी गंमत कार्मोला. 1 नोव्हेंबर 1755 ला, सकाळी, या शहरात मोठा भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्चं माणसांनी भरलेली आणि आत मेणबत्त्या पेटलेल्या. आधी घरं पडली, मग नदीतून समुद्राचं पाणी आत घुसलं, आणि उरलंसुरलं आगीनं खाल्लं. कार्मोच्या मठाचं छप्पर तेव्हा कोसळलं. पूर्ण डागडुजी पुढे झालीच नाही, आणि आता ते तसंच जपलंय. आत गेलं की दोन्ही बाजूंना उंच दगडी खांब, वर टोकदार कमानींच्या नुसत्या फासळ्या, आणि मधे आभाळ. आजी दारात थांबली, वर बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं, हा तर आपला किल्ला! याला तिकीट काढलंत?"

अमेय, खरंच रे. तुम्ही पोरं शनिवारी क्रिकेटला जायचात ना वसईच्या किल्ल्यात, ती बिनछपराची चर्चं डोळ्यापुढे आण. तोच चुना, तसेच उघडे दगड. आपल्याकडे भूकंप झाला नव्हता, 1739 मध्ये चिमाजी आप्पा आले होते, आणि पुढचं काम पावसानं आणि वडपिंपळांनी केलं. इथे गवतसुद्धा कापलेलं. आपल्याकडे फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत, त्यांवर लोक चपला घालून प्री-वेडिंगचे फोटो काढतात. मला इथे पहिल्यांदा वाईट वाटलं ते याचं.

दुपारी ट्रामनं बेलेमला. जेरोनिमोसचा मठ आहे तो. बांधकामाला सुरुवात सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी, राजा मॅन्युएलच्या काळात. पांढऱ्या दगडात जहाजाचे दोर, गाठी, पोवळी, पानंफुलं कोरलीयत. खांबांना बोट लावून पाहिलं तर दोराचा पीळसुद्धा हाताला लागतो. तू सी.ए. करतोयस म्हणून मुद्दाम सांगते. याचा खर्च भागला तो आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या करातून. शंभराला पाच. आणि त्यातून मिरी, दालचिनी, लवंग वगळलेली, कारण त्यांचा पैसा थेट राजाच्या तिजोरीत. म्हणजे एवढं सगळं उभं राहिलं ते बाकीच्या मालावरच्या पाच टक्क्यांत! बँकेत जन्म गेलेल्या बाईला हे ऐकल्यावर नक्षी दिसेना, नुसते आकडे दिसायला लागले. उरलेले पंच्याण्णव कोणाकोणाकडे गेले आणि मूळ मालाला मलबारात काय भाव मिळाला, हे कुठल्याच पाटीवर नाही.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीला, 1524 च्या डिसेंबरात, पुरला गेलाही तिथेच. अवशेष नंतर पोर्तुगालला आणले आणि या चर्चमध्ये 1880 मध्ये. वर त्याचा दगडी पुतळा आडवा, हात जोडलेले. आजीनंही लगेच हात जोडले. मी म्हटलं, "आई, याच माणसानं 1502 मध्ये हजहून परतणारं जहाज बायकामुलांसकट जाळलं." त्यावर त्या म्हणाल्या, "तो जोडतोय हात, मग आपण का नको?" बाबा हसले. मी नाही हसले. मी हात खिशातच ठेवले आणि तरीही तिथून लवकर हलवेना, हेही खरं.

अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या त्या प्रसिद्ध खुसखुशीत टार्टबद्दल सई लिहीलच. 1837 पासूनचं दुकान आहे, वर दालचिनी भुरभुरवून देतात. आजीनं दुकानाबाहेर बसून पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

शेवटी नदीकाठचा बेलेमचा बुरूज. तिथे एका छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी दगडात गेंडा कोरलाय. झिजून डुकरासारखा दिसतो, सईनं दाखवला नसता तर कळलाही नसता. तो खराखुरा होता. गुजरातच्या सुलतानानं अल्बुकर्कला, म्हणजे पोर्तुगीजांच्या आपल्याकडच्या गव्हर्नरला दिला, त्यानं गोव्याहून राजाला धाडला. 1515 च्या मे महिन्यात इथे उतरला. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. मग राजानं तो पोपला भेट म्हणून जहाजातून पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, आणि साखळदंड असल्यामुळे त्याला पोहता आलं नाही. दिवसभर इतके राजे, दर्यावर्दी, संत पाहिले, पण आजीनं विचारपूस केली ती एकट्या त्याची. "त्याला खायला काय देत असतील गं बोटीवर?" नुसता तांदूळ आणि पेंढा असं सईनं ठोकून दिलं.

आता ती पाय गरम पाण्यात सोडून बसलीय आणि उद्याचं सिंत्रा तिनं परस्पर रद्द केलंय. सई नवीन फाइल करतेय.

तुझ्या ऑफिसनं रजा दिली असती तर माझ्या हिशेबाला एक साथीदार मिळाला असता. बाबांना यात रस नाही, त्यांना फक्त ट्राम आवडल्या. अभ्यास कर, रात्री उशिरा वडापाव नको. आणि दूधवाल्याला येत्या सोमवारपासून एकच लिटर सांग, दोन नको, आजी आल्या आल्या खरवसाचा हट्ट धरणार आहे, पण चीक नेहमीच्या भैयाकडेच मागायचा.

तुझी,
आई