बडा बाजारातल्या दीपा मा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला विपश्यनेवरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण आपल्याकडे विपश्यना म्हटलं की इगतपुरी आणि गोयंका गुरुजी, त्यापुढे गाडी जात नाही. सप्टेंबर १९८९मध्ये कोलकात्यात वारलेल्या एका गृहस्थ साधिकेची आठवण या निमित्ताने करून द्यावीशी वाटते.

ननीबाला बरुआ, म्हणजेच दीपा मा. जन्म १९११चा, चितगावकडच्या पिढीजात बौद्ध घरातला. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवऱ्याकडे रंगूनला. त्यानंतर वीसेक वर्षं मूल नाही. अशा बाईला त्या काळी काय काय ऐकून घ्यावं लागे, ते लिहायला नको. पुढे पहिली मुलगी झाली ती तीन महिन्यांत गेली, शेवटचा मुलगा जन्मतःच. मधली दीपा तेवढी जगली आणि तिच्यामुळे या ‘दीपा मा’ झाल्या. १९५७मध्ये पतीही गेले. रक्तदाब, हृदयविकार, अंथरूण धरलेलं, पदरी लहान मुलगी. मनाला सावरलं नाहीत तर जगणार नाही, असं डॉक्टरांनीच बजावलं.

तेव्हा कुठे त्या ध्यानकेंद्रात गेल्या. जिना चढायचं त्राण नव्हतं, म्हणून हातापायांवर रांगत चढल्या. त्यात पहिल्याच खेपेला कुत्रा चावला आणि उपचारासाठी परत यावं लागलं. पुढे ब्रह्मदेशातले ध्यानगुरू भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीत, त्यांचे बंगाली शिष्य अनागारिक मुनींद्र यांच्या मार्गदर्शनाखाली दीपा मांची साधना झाली. (बाबासाहेब डिसेंबर १९५४मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा ही बाई त्याच शहरात संसार करत होती, हे आपल्या फारसं लक्षात येत नाही.) दीपा मांच्या सिद्धींच्याही पुष्कळ कथा सांगतात. मला त्यांत रस नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं कोलकात्यातलं घर. १९६७मध्ये त्या मुलीला घेऊन तिथे आल्या आणि बडा बाजारात, धातू घासण्याच्या कारखान्यावरच्या लहानशा जागेत राहिल्या. ना आश्रम, ना गादी. शेजारच्या बायका यायच्या आणि शिकवणं स्वयंपाकघरातही चालायचं. अंगावर पाजणाऱ्या आईला त्या म्हणत, बाळ दूध पितंय त्याकडेच पूर्ण लक्ष ठेव, तेच ध्यान. कपड्यांना इस्त्री करतानाही तेच. पंचशीलाबाबत मात्र सवलत नव्हती. जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग ही अमेरिकेत पुढे ध्यानशिक्षक म्हणून नावारूपाला आलेली मंडळी याच खोलीत जमिनीवर बसून शिकली, आणि त्यांच्या आग्रहावरून ऐंशीच्या दशकात त्या मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरे इथल्या ध्यानकेंद्रातही शिकवून आल्या. बुद्ध होणं पुरुषालाच शक्य, असं मुनींद्र एकदा सांगत होते. तेव्हा शेजारी डोळे मिटून बसलेल्या दीपा मा ताठ झाल्या आणि पुरुष करतो ते सगळं मीही करू शकते, असं ठणकावलं, हा किस्सा त्यांचे शिष्य आवडीने सांगतात.

गोयंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या निवासी शिबिरांबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवस घर कोणावर टाकून जायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या किती बायकांना सुटतो? पुरुष शिबिराला जातो तेव्हा त्याचं घर कोणीतरी चालवतच असतं, आणि लेखांत त्या ‘कोणीतरी’चा उल्लेख नसतो. अशा बाईला दीपा मांची गोष्ट ठाऊक असती, तर निदान ‘हे आपल्यासाठी नाही’ असं तिने परस्पर ठरवलं नसतं.

सध्या वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी राहण्याचा काळ, चालू आहे. विहारांमधून संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ऐकायला बसलेल्यांत बायकाच जास्त असतात. तिथे एखादी संध्याकाळ दीपा मांच्या चरित्रासाठी राखून ठेवावी, अशी विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपणही पुरवणीत त्यांच्यावर स्वतंत्र लेख छापावा.

आपली,
एक वाचक, नागपूर