टाकळ्याची कॉफी करताना आधी शेंग ओळखा

महोदय,
टाकळ्याच्या बियांची कॉफी करायला हरकत नाही, पण त्यात कासविंद्याच्या, म्हणजे टाकळ्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी झुडपाच्या, बिया मिसळल्या तर लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. टाकळ्याच्या पानाला बोथट टोकाच्या पर्णिकांच्या ३ जोड्या, शेंग बारीक आणि वाकडी, बी चकचकीत, कोनदार. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, शेंग आणि बीही चपटे. शंका आली की सरळ टाकून द्या.

वाळलेल्या बिया पाखडून लोखंडी तव्यावर मंद आचेवर वीसेक मिनिटे, गडद तपकिरी होईपर्यंत हलवत भाजा. आच मोठी केली की वरून करपतात, आत कच्च्या राहतात आणि पेय बुळबुळीत होते. कपाला चमचाभर पूड घालून ४ मिनिटे उकळा. कॅफीन नसल्याने तरतरी येणार नाही. सारक आहे, दिवसाला एकच कप पुरे.

– एक वाचक, चिपळूण