डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगची सुरुवात प्रत्यक्ष सिग्नलपासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे नवे सत्र सुरू होत असताना डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (आवाज, कंपन यांसारखे सिग्नल आकड्यांत आणून त्यांवर गणिती प्रक्रिया करणे) हा विषय शिकवण्याच्या पद्धतीकडे आपल्या पत्रातून लक्ष वेधावेसे वाटते. इलेक्ट्रॉनिक्सची मुले या विषयाला धास्तावतात. त्यामागे त्यांची कुवत कमी असणे हे कारण नसून शिकवण्याचा क्रम हे कारण आहे, असे माझे अध्यापनाच्या अनुभवातून बनलेले ठाम मत आहे. कित्येक आठवडे कन्व्होल्युशन आणि झेड ट्रान्सफॉर्म या गणिती क्रियांची उदाहरणे फळ्यावर सुटतात, ती पाठही होतात. मात्र खरा सिग्नल विद्यार्थ्याच्या हाती लागतो तो सत्र संपत आल्यावर, आणि तोही बहुधा जर्नल पूर्ण करण्यापुरता.

हा क्रम उलटा करावा. पहिल्याच तासाला तंबोऱ्याच्या जोडीच्या (एकाच स्वरात लावलेल्या) तारा मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरात तंबोरा मिळणे अवघड नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (सिग्नलची ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापे) या दराने आलेले आकडे ऑक्टेव्ह किंवा पायथनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावेत आणि त्यांतील ४,०९६ सॅम्पलचा एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म; सिग्नलमधील प्रत्येक वारंवारतेचे प्रमाण काढण्याची जलद रीत) काढावा. मूळ स्वराच्या पटीत उभी राहिलेली शिखरे दिसताच फूरिये हे केवळ सूत्र उरत नाही. (तंबोऱ्याच्या याच वैशिष्ट्यपूर्ण स्वनावर सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता, हेही मुलांना अवश्य सांगावे.) आता जोडीतील एक तार दुसरीपेक्षा तीन हर्ट्झने उतरवली, तर कानाला डोल (आवाजाचा लयीत होणारा चढउतार) स्पष्ट ऐकू येतो, परंतु आलेखात शिखर एकच दिसते, कारण लगतच्या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ ११ हर्ट्झचे अंतर असते. दोन सेकंदांचे सलग रेकॉर्डिंग घेतले, की हे अंतर अर्ध्या हर्ट्झवर येते आणि शिखरे वेगळी होतात. असे का झाले, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतो, आणि डीएफटीची, म्हणजे एफएफटी ज्याचे उत्तर जलद काढतो त्या मूळ सूत्राची, व्याख्या फळ्यावर लिहिण्याची खरी वेळ तीच असते. कूली आणि ट्युकी यांच्या १९६५ च्या पद्धतीचे, म्हणजेच एफएफटीचे, मोलही तेव्हाच पटते, कारण ४,०९६ सॅम्पलसाठी सरळ सूत्राने सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार करावे लागतात, तर त्या पद्धतीने साधारण २५ हजारांत काम भागते.

सिग्नलमधील नको तो भाग गाळणाऱ्या फिल्टरचेही तसेच आहे. सेन्सरच्या सिग्नलमध्ये विजेच्या तारांमुळे ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. सेकंदाला ५०० सॅम्पल घेऊन लगतच्या दहांची सरासरी काढत गेल्यास ती नाहीशी होते, कारण दहा सॅम्पलमध्ये तिचे बरोबर एक आवर्तन मावते. हाच प्रयोग ईसीजीवर केला, तर गुणगुणीबरोबर हृदयाच्या ठोक्याचे टोकदार शिखरही बोथट होते. फिल्टर लावताना काय गमवावे लागते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की त्याच फिल्टरचे झीरो (तो ज्या वारंवारता पुसून टाकतो, त्या दाखवणारे बिंदू) एकक वर्तुळावर कोठे बसतात, हे समजून घेण्याची निकड विद्यार्थ्यालाच वाटू लागते.

प्रयोगांवर भर दिल्यास गणित मागे पडेल, अशी शंका काही सहकारी व्यक्त करतात. तिच्यात तथ्य आहे; नुसती बटणे दाबून आलेख काढणे म्हणजे शिक्षण नव्हे. म्हणूनच एफएफटीचे तयार फंक्शन वापरण्यापूर्वी आठ सॅम्पलचा डीएफटी प्रत्येकाने हाताने सोडवलाच पाहिजे. माझा आग्रह गणित वगळण्याचा नसून ते योग्य वेळी आणण्याचा आहे.

आपल्याकडे तर त्यासाठी साधनांचीही वाण नाही. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर मोटारी फिरत असतात. मिनिटाला १,४४० फेरे घेणाऱ्या मोटारीचा तोल बिघडला असेल, तर कंपनाच्या आलेखात २४ हर्ट्झला शिखर उंचावते, आणि ते पाहायला मोबाइलमधील कंपन टिपणारा अॅक्सेलरोमीटर पुरेसा असतो. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत ठरावीक प्रयोगांच्या यादीऐवजी विद्यार्थ्याने स्वतः बाहेरून टिपून आणलेला एक सिग्नल घ्यावा, आणि तोंडी परीक्षेतील प्रश्न त्यावरच विचारावेत.

आपला विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त अध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर