धोट्यानं माग गिळला

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या धाकट्या सुनेनं वाचून दाखवायचं आहे. ती निपाणीकडची, मराठी शाळेत शिकलेली, म्हणून मला लिहायचा धीर आला. तिला म्हणावं सावकाश वाच, आणि ओळीओळीला थांबून कन्नडात सांगत बसू नकोस. जेवढं कानावर पडेल तेवढं पडू दे. मीही तुमच्याकडून तसंच घेतलंय.

चार लोकांसमोर लिहितेय, कारण आभार मानायचे राहून गेले. शेड बंद झाली त्या दिवशी मानायचे होते, पण तेव्हा सगळ्यांच्याच घशाशी आलं होतं.

बेळगावातल्या वडगावच्या त्या विणकामाच्या शेडात मी २००८ साली हिशेबाला लागले. बारा माग, वर पत्रा, आणि आवाज असा की पहिले आठ दिवस रात्री जेवायला बसले तरी कानात धोटे, आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारे, आपटत राहायचे. बोलायची सोयच नव्हती. धोट्यातल्या सुताच्या कांड्या संपल्या की हात वर, चहा हवा तर अंगठा ओठाला, मालक आले की डोक्यावर टोपी घातल्याची खूण. दारापासून तिसऱ्या मागावर तुम्ही. तुमचे ओठ सारखे हलताना दिसायचे. मला वाटायचं, तंबाखू चघळताय.

मग एका दुपारी करंट गेला. मागांचे पट्टे दोनतीन फेरे घेऊन सुस्तावले, शेवटचा धोटा कुठंतरी अर्ध्यात अडकला, आणि त्या शांततेत तुमचा आवाज ओळीच्या मधोमध तसाच पुढं चाललेला. ‘नोडव्वा तंगी.’

मी बघितलं! बघ गं धाकटे बहिणी, एवढं कन्नड मला येत होतं, आणि आसपास तरुण बाई मी एकटीच. मान वळवून भिंत बघितली, बिम बघितला, वरचा पत्रा बघितला. बघायचं काय ते कळेना. तुम्ही तर माझ्याकडं बघतही नव्हतात, तुटलेला धागा जोडत होतात. कांड्या भरणारी आज्जी तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘अगं, गाणं हाय ते.’

त्या दिवसापासून तुम्ही मला तंगी म्हणायला लागलात. मी तुम्हाला मामा म्हणायचे. म्हणजे मी एकाच वेळी तुमची भाची आणि बहीण. नात्याचा हा घोळ कुणी सोडवला नाही, कुणाला अडचणही झाली नाही.

आता बेळगावात जन्म काढून कन्नड येत नाही असं म्हणायची सोय नाही. मंडईपुरतं सगळ्यांना येतं. एष्टु, बेडा, बर्री, कूड्री. बसमधल्या कंडक्टरशी भांडण्यापुरतंही येतं. पण गाण्यातलं कन्नड वेगळं. तिथं आमची मंडईची नाणी चालत नाहीत. आणि आमच्या घरात तर ती चालवून बघायलाही परवानगी नव्हती.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, रेडिओ तुम्हाला ठाऊक नाही. मिडियम वेव्हवर धारवाड ७६५ वर, सांगली १२५१ वर. धारवाड केंद्र १९५० पासूनचं, जवळचं, खणखणीत लागायचं. सांगली खरखरायची. काटा सांगलीकडं सरकवताना मध्ये धारवाड ऐकू आलं की आप्पांची बोटं जोरात फिरायची. जवळचं स्वच्छ गाणं सोडून लांबची खरखर ऐकायची, ही आमच्या घरची पद्धत. कारणही साधं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आप्पा पाचवीत होते. पुढं दरवर्षी त्या तारखेला चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची गाणी, आणि आप्पा काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर वळ घेऊन घरी आले होते. मी तेव्हा लहान. हळद लावताना आई रडत होती, ते आठवतं.

हे पत्र वाचून मी सीमाप्रश्नावर मत बदललं असं कुणी समजू नये. मराठीत कागद मिळायला हवेत, पाटी मराठीत हवी, हे सगळं जिथल्या तिथं आहे. तुम्हालाही ते ठाऊक होतं. १ नोव्हेंबरला आपण दोघं एकमेकांशी फारसं बोलायचो नाही. २ तारखेला तुम्ही शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवायचात.

२०११ च्या माघात आप्पा गेले. दहाव्याला, तेराव्याला घरी भजन. अनगोळातली सगळी मंडळी आली, आप्पांच्या आवडीचे अभंग झाले, आणि मला ते ऐकवेनात. प्रत्येक शब्द आप्पांच्या तोंडून आलेला. माहेर म्हटलं की ते, पंढरी म्हटलं की ते. टाळ वाजले तरी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे. लोकांना वाटलं पोर कामाला लागली, बरं झालं. पुढं दोन महिने मराठी गाणं कानावर आलं की मी उठून जायचे. कॅसेट, रेडिओ, टीव्हीवरची जाहिरातसुद्धा.

तुम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत माझा डबा तसाच परत जातोय, हे तुम्ही बघितलं असणार. एकदा तुम्ही कडक भाकरी आणि पुंडीची भाजी खाऊन हात पुसलेत, मागाच्या लाकडाला टेकून बसलात आणि गुणगुणायला लागलात. माझ्याकडं पाठ करून. त्या गाण्यात आप्पा कुठंच नव्हते. म्हणून मला तिथं बसता आलं. दुसऱ्या दिवशीही बसले. डबा कधी संपायला लागला ते आता आठवत नाही.

अर्थ हाताशी नसला की कान भलतीकडं लक्ष घालतो. नुंगि, नुंगि अशी ठेच लागत जायची आणि नुंगित्ता आलं की पाय टेकायचा. त्या जोड ‘त’वर तुम्ही लाकडावर बोट मारायचात, धोटा फणीला लागल्यासारखं. मग लक्षात आलं की तुमच्याकडं शब्द स्वरावर सुटतो. आम्ही ‘घर’ म्हणतो, ‘हात’ म्हणतो, आणि तोंड मिटतो. तुमचा शब्द शेवटी उघडाच राहतो, गाणाऱ्याला उंबऱ्यावर हवं तेवढं रेंगाळता येतं. आमची जुनी मराठीही अशीच होती की. ज्ञानोबा विठ्ठलु म्हणतात, कर्नाटकु म्हणतात. ते उकार आम्ही कधीतरी टाकून दिले. हे मला कुणी शिकवलं असतं तर जांभया दिल्या असत्या. तुमच्या बोटाच्या ठोक्यानं कळलं.

अर्थ मी विचारला नव्हता असं नाही. तीनदा विचारला. तुमचं उत्तर ठरलेलं, ‘गाणं संपू दे की.’ गाणं संपेपर्यंत करंट यायचा, बारा माग सुरू व्हायचे, आणि अर्थ राहायचा. शेवटी पावसाळ्यात ट्रान्स्फॉर्मर जळाला आणि दिवसभर लाईट नव्हती, तेव्हा तुमची सुटका झाली नाही. तुम्ही तुमच्या मराठीत एकेक ओळ सांगितलीत. कोंबडीनं माकड गिळलं. शेळीनं हत्ती गिळला. भिंतीनं चुना गिळला. नाचायला आलेल्या बाईला मृदंगानं गिळलं. आणि मध्येच तुमच्या धंद्याचीच ओळ, ‘मग्गव लाळि नुंगि’, धोट्यानं माग गिळला.

मी म्हटलं, ‘मामा, हे शब्द झाले. अर्थ काय?’

तुम्ही म्हणालात, ‘गोत्तिल्ल.’ आणि एवढे हसलात की आज्जी कांड्या टाकून बघायला आली. ‘चाळीस वर्षं म्हणालोय. मला तरी कुठं कळलंय? शरीफअज्जाला विचार.’

शरीफअज्जाला विचारायचं कुठं! शिशुनाळ शरीफ जन्मले १८१९ ला, आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळला, आणि गेले १८८९ ला. मुसलमान घरातला मुलगा, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. तुमच्याकडच्या भजनमेळ्यांत त्यांची तत्त्वपदं गातात, पुढं सी. अश्वत्थांच्या आवाजात ती सगळ्या कर्नाटकात गेली. हे मी नंतर वाचलं. पण त्या दिवशी शेडात बसल्या बसल्या मला आमची मुक्ताबाई आठवली. मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी. आप्पा ते भजनात म्हणायचे आणि मी लहानपणी विचारायचे, मुंगीचं तोंड भाजलं नाही का? ते म्हणायचे, ‘गप बस, टाळ धर.’ मुक्ताबाईची मुंगी आणि शरीफअज्जाची कोंबडी यांच्यात सहाशे वर्षं आणि एक भाषा आडवी. आप्पा गेल्यावर पहिल्यांदा त्यांची आठवण येऊन मला हसू आलं, ते त्या दुपारी. तुम्हाला वाटलं मी कोंबडीला हसतेय.

मग तुम्ही मला पकडलंत. मालकांच्या रेडिओवर भीमसेन लागले होते, तुकोबांचं ‘राजस सुकुमार’. तुम्हाला ते पाठ होतं, ‘पांघरे’चं ‘पांगरे’ होऊन. कासे सोनसळा, पांघरे पाटोळा. तुम्ही विचारलंत, ‘तंगी, सोनसळा अंद्रेनु?’

जन्मापासून मी हा अभंग म्हणत आलेय. उभी राहून, टाळ्या वाजवत, डोळे मिटून. सोनसळा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पाटोळाही नाही. कान गरम झाले. माझ्या भाषेवरून ज्यांनी पाठीवर वळ घेतले त्यांची मी मुलगी, आणि माझ्याच भाषेतलं गाणं मी तुमच्यासारखंच ऐकत आले होते, कानानं. तुम्ही मात्र विणकर. थोडा विचार करून म्हणालात, ‘पाटोळा पट्टे असणार. आमच्यात रेशमाला पट्टे म्हणतात. पांघरतोय म्हणजे रेशीमच की.’ बरोबर होतं. देहूच्या वाण्यानं लिहिलेला शब्द मला वडगावच्या कन्नड विणकरानं सांगितला, आणि तो ज्यांच्या गळ्यातून आला ते भीमसेन जोशी गदगचे, जन्म १९२२, घरी कन्नड. कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीतच जन्मले, १९२४ ला. तेही कन्नड घरातले, आणि पुढं माळव्यात जाऊन कबीर गायले. त्यांचं नाव निघालं की तुम्ही ‘नम्म हुडगा’, आपला पोरगा, म्हणायचात, जणू कालच गावातून शिकायला गेलाय. मला तेव्हा हसू यायचं.

भावाची मुलगी हल्ली कानात बोंडं घालून कोरियन गाणी ऐकते. वहिनी ओरडते, काय डोंबल कळतंय तुला त्यातलं? मी मध्ये पडत नाही. फक्त एकदा तिला विचारलं, तुला त्यातला कुठला आवाज आवडतो? तिनं कान सोडून पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं, आणि पाऊण तास बोलली.

२०२० ला लॉकडाऊननंतर माग परत सुरू झालेच नाहीत. मालकांनी ते किलोवर काढले. भंगारवाल्यानं तिसरा माग टेम्पोत चढवला तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. एवढंच म्हणालात, ‘मग्गव लाळि नुंगि.’ त्या दिवशी मी अर्थ विचारला नाही.

मामा, रेडिओ आता माझ्याकडं आहे. काटा धारवाडवरही थांबतो, सांगलीवरही. आई कधीकधी आप्पांच्या फोटोकडं बघते आणि काही बोलत नाही.

तुमचा एक प्रश्न माझ्याकडं उधार राहिला होता. मी म्हटलं होतं, बघून सांगते, आणि बारा वर्षं सांगितलं नाही. आता शब्दकोशात बघितलं. सोनसळा म्हणजे सोन्यासारखा पिवळा, पीतांबर. शेवटच्या दिवाळीला तुमच्या मागावर जो ताणा चढला होता, हळदीपेक्षा उजळ, उन्हात धरला की डोळे दिपायचे, तोच असणार. वहीत मी त्याला नुसतं ‘पिवळा’ लिहिलं होतं. वही अजून आहे. परवा ते खोडलं आणि वर लिहिलं, सोनसळा, नग २१.

तुमची,
तंगी