रिव्हरवर आलेली अठ्ठी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री सुरू झालेली ऑनलाइन पोकरची स्पर्धा मी रविवारी पहाटे जिंकलो. हजारावर खेळाडू होते आणि शेवटी मी एकटा उरलो. घरात आणि कार्यालयात हे सर्वांना सांगून झाले आहे, सर्वांनी मनापासून अभिनंदनही केले. पण प्रत्येक वेळी सांगताना जाणवत राहिले, की त्यांना बक्षिसाचा आकडा ऐकायचा आहे आणि मला डाव सांगायचे आहेत. डाव ऐकून घेणारा तूच, म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर तू पहिल्याच पानाला मला तोडतोस आणि मग आपण दोघेही मूळ डाव सोडून जुन्या भांडणात शिरतो. पत्रात निदान माझे म्हणणे तुला शेवटपर्यंत वाचावे लागेल.

माझी प्रकृती ठीक आहे. पाठ अधूनमधून दुखते, चष्म्याचा नंबर थोडा वाढला आहे, बाकी काही नाही.

शेवटचा डाव आधी सांगतो, कारण सगळी काळजी तिथूनच सुरू होते. आम्ही दोघेच उरलो होतो. माझ्याकडे चिप्स किंचित जास्त होत्या, त्याच्याकडे जेमतेम नऊ मोठे ब्लाइंड, म्हणजे पाने वाटण्याआधी सक्तीने लावायच्या मोठ्या रकमेच्या नऊपट चिप्स. बटण माझ्याकडे होते, म्हणजे पहिली चाल माझी. मला इस्पिकचा एक्का आणि चौकटची अठ्ठी आली. दोघांच्या खेळात, एवढ्या थोड्या चिप्सवर, ही सरळ ऑल-इनची, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सारण्याचीच पाने आहेत, याबद्दल तुझे-माझे कधी दुमत नव्हते. मी ऑल-इन केले. त्याने क्षणभरही न थांबता आपल्याही चिप्स लावून कॉल केला आणि समोर बदामचा एक्का आणि किलवरचा राजा उघडला.

अशा वेळी चारांत जेमतेम एकदा आपण वाचतो, हे तुला माहीतच आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पानांपैकी पहिल्या तिघांत, किलवरचा गुलाम, बदामची सत्ती, चौकटची दुर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, इस्पिकची तिर्री. म्हणजे ना फ्लशची, एका रंगाच्या पाच पानांची, आशा, ना ओळीने पाच पानांच्या सीक्वेन्सची. दोघांचाही एक्का आहे, त्यामुळे एक्का येऊनही मला उपयोग नाही. त्याची दोन, माझी दोन आणि टेबलावरची चार मिळून आठ पाने उघडी होती, उरलेल्या 44 पानांत माझी जोडी करणाऱ्या, कामाच्या फक्त तीन अठ्ठ्या. शेकडा सातसुद्धा पुरते भरत नाहीत. आणि रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, किलवरची अठ्ठी आली.

माझ्या चिप्सचा ढीग वाढत गेला, पडद्यावर पहिला क्रमांक झळकला, आणि मला झालेला आनंद खरा होता, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. इतकी वर्षे आपण दोघांनी ज्या खेळाची वह्या भरभरून टिपणे काढली, त्यात एकदा तरी शेवटपर्यंत पोचावे, ही इच्छा माझ्या मनात किती खोल होती, हे मला त्याच क्षणी कळले. पण त्याच क्षणी तुझी आठवणही झाली, आणि ती कौतुकाची नव्हती. तुझे दोन एक्के आणि माझे दोन राजे आठवले.

तो डाव तू विसरला असशील असे मला वाटत नाही. दोघांचेही पैसे फ्लॉपच्या आधीच मध्ये गेले होते, तुझी बाजू शेकडा 82 भक्कम होती, आणि पहिल्याच पानाला राजा आला. त्यानंतर तू माझ्याशी बोलणे टाकलेस आणि वहिनींकरवी निरोप पाठवलास, की ‘माझा निर्णय बरोबर होता, चुकला तो निकाल.’ वहिनींना त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, त्यांना वाटले आपल्यात पैशांवरून काही बिनसले आहे आणि त्या बिचाऱ्या आपल्या दोघांत समेट घडवायला निघाल्या. मी तेव्हा तुला म्हणालो होतो, की निकालाला इतके तुच्छ लेखायचे असेल तर खेळायचे कशाला. आज मी पहिला आलो आहे, आणि तुझे ते वाक्य शब्दशः माझ्या प्रतिस्पर्ध्याला लागू पडते आहे. त्याने एक्का-राजावर कॉल केला, तो बरोबर होता. त्याने चॅटमध्ये ‘छान खेळलात’ एवढेच लिहिले आणि तो निघून गेला. मी उत्तर टाइप करेपर्यंत टेबल बंद झाले होते. कोण, कुठला, काहीच ठाऊक नाही. पण त्याच्याबद्दल मला जे वाटले ते तूच समजू शकशील, कारण त्या जागी तू बसून आलेला आहेस.

आता काळजीचे सांगतो. ताईचा मुलगा त्या रात्री माझ्याकडे होता. तो फायनल टेबल बघत शेजारी बसला, मध्ये खुर्चीतच झोपला, आणि जागा झाला तेव्हा आम्ही दोघे उरलो होतो. म्हणजे त्याने नेमकी अठ्ठी पाहिली. तेव्हापासून तो झपाटलेला आहे. नुकतीच नोकरी लागली आहे, हातात पहिले पगार आले आहेत, आणि त्याला त्यातले पैसे या खेळात घालायचे आहेत. काल त्याने मला विचारले, ‘मामा, ऑल-इन कधी करायचे तेवढेच मला शिकव, बाकीचे मी बघून घेईन.’ हुशार आणि मनाने निर्मळ मुलगा आहे, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. त्याने जे डोळ्यांनी पाहिले त्याचा अर्थ त्याने असा लावला आहे, की हिंमत केली की पान येते.

त्याच्या तोंडी सध्या ख्रिस मनीमेकरचे नाव असते. टेनेसीचा एक साधा हिशेबनीस 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जातो, 839 खेळाडूंमध्ये पहिला येतो आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी परततो, ही गोष्ट खरीच आहे आणि ती कुणालाही भुरळ घालील अशीच आहे. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 लोक आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी 5,619. मी त्याला हे आकडे सांगितले तेव्हा त्याचे डोळे चमकले. त्या गर्दीतला एक जण सोडला तर बाकीच्यांना पहिले बक्षीस मिळाले नाही, हे माझे पुढचे वाक्य त्याच्या कानांपर्यंत पोचलेच नाही. मी त्याला साधा गुणाकार-भागाकारही करून दाखवला: हजार जणांच्या स्पर्धेत जो इतरांच्या दुप्पट चांगला खेळतो, तोसुद्धा सरासरीने पाचशे स्पर्धांतून एकदाच पहिला येणार. तो म्हणाला, ‘पण तू आलास ना!’ या उत्तरावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मला त्याला दाखवायचा आहे तो वेगळाच डाव, आणि तो घडला तेव्हा तो झोपला होता. या डावावर तू भांडणार हे मला पक्के ठाऊक आहे, पण आधी नीट वाच. आम्ही पाच जण उरलो होतो. सर्वांत जास्त चिप्स असलेला खेळाडू छोट्या सक्तीच्या रकमेच्या जागी, म्हणजे स्मॉल ब्लाइंडवर, चिप्समध्ये त्याच्या खालोखाल मी मोठ्या रकमेच्या जागी, बिग ब्लाइंडवर, आणि बाकी तिघांपैकी दोघांकडे इतक्या कमी चिप्स, की पुढच्या एक-दोन फेऱ्यांत ब्लाइंड भरतानाच ते संपणार. सर्वांनी पाने टाकली आणि पहिल्या क्रमांकावरच्याने ऑल-इन केले. त्याच्या जागी मीही जवळजवळ कुठल्याही पानांवर तेच केले असते, कारण त्याला माहीत होते की मला कॉल करणे किती महाग आहे. मला एक्का-गुलाम आला होता, वेगवेगळ्या रंगांचा.

नुसत्या चिप्सचा हिशेब केला तर कॉल करायलाच हवा होता. त्याची पाने कितीही सैल धरली तरी मला जिंकण्याची संधी शेकडा साठीच्या थोडी पुढे होती. पण स्पर्धेत चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, यावर तर आपण दोघांनी रात्री जागवल्या आहेत. दुप्पट चिप्स झाल्या म्हणून बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही, आणि सगळ्या गेल्या तर मात्र तो पाचव्या क्रमांकाच्या बक्षिसावरच थांबतो, तेही जे दोघे माझ्याआधी जाण्याच्या बेतात आहेत त्यांना पुढे काढून. आयसीएमच्या, म्हणजे चिप्सवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढण्याच्या, हिशेबाने मला तिथे शेकडा पासष्टाहून बरेच अधिक हवे होते. घड्याळाची पट्टी तांबडी झाली, राखीव वेळेतून सेकंद जाऊ लागले, माझे बोट कॉलवर होते, आणि कानांत तुझा आवाज: ‘पहिल्या नंबरासाठी खेळायचे असते, तिसऱ्यासाठी नव्हे.’ मी पाने टाकली.

तू याला भित्रेपणा म्हणशील. पूर्वीही म्हटले आहेस, आणि पहिल्या तीन जागांवर बक्षिसाचा मोठा भाग असतो हा तुझा मुद्दा मी कधी नाकारला नाही. पण त्या दिवशीच्या टेबलावर, त्या दोन मरणपंथाला लागलेल्या खेळाडूंसमोर, तो फोल्ड बरोबर होता, असे मला आजही ठामपणे वाटते. थोड्याच वेळात ते दोघेही गेले. माझ्या मते मी ती स्पर्धा जर कुठे खेळून कमावली असेल, तर ती तिथे. त्याबद्दल कुणी अभिनंदन केलेले नाही, कारण दिसण्यासारखे तिथे काही घडलेच नाही; पाने उलटी पडली आणि पुढचा डाव सुरू झाला.

मग त्या मुलाला शिकवायचे कसे? मी त्याला यंत्रांची गोष्ट सांगून पाहिली. 2015 साली क्लॉडिको नावाचा प्रोग्राम चार निष्णात व्यावसायिकांशी 80,000 डाव खेळला, माणसे पुढे राहिली, आणि तरीही फरक निर्णायक म्हणण्याइतका नाही, बरोबरीच धरावी, असे संशोधकांचे म्हणणे पडले. 2017 मध्ये लिब्रॅटस नावाचा प्रोग्राम जिंकला तो 1,20,000 डाव खेळून, आणि त्यातही नशिबाचा भाग कमी करण्यासाठी एका खेळाडूला जी पाने दिली तीच दुसरीकडे उलट बाजूला यंत्राला दिली होती. इतके करून कुठे सांगता आले की कोण सरस आहे. माझी स्पर्धा एका रात्रीची. तिच्यावरून मी चांगला खेळतो की नाही हे मलाच सांगता येत नाही, मग ती पाहून त्याने काय ठरवावे? त्याने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग जिंकल्यावर तुझे हात का थरथरत होते. मुलगा लक्ष ठेवून असतो.

मी त्याला ‘खेळू नकोस’ असे सांगू शकत नाही, कारण मी स्वतः खेळतो आणि मला हा खेळ मनापासून आवडतो. ‘खेळ’ असे सांगायला जीभ रेटत नाही, कारण सुरुवातीच्या काळात आपल्या मंडळातल्या एकाचे काय झाले, ते आपण दोघांनी जवळून पाहिले आहे. त्यालाही आधी एक मोठी स्पर्धा लागली होती. बाजूला काढलेल्या रकमेच्या शंभराव्या भागाहून अधिक एका स्पर्धेत घालायचे नाही, हा आपला नियम तेव्हाच ठरला. तो नियम मी ताईच्या मुलाला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, की एवढ्याशा रकमेत मजा काय. अगदी हेच वाक्य आपण पूर्वी ऐकले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तुला एक काम सांगतो. तू त्याच्याशी बोल. तुझे एक्के हरले तो डाव त्याला तू सांग, मी नको, कारण ज्याची बाजू 82 टक्के होती आणि जो तरीही हरला, त्याच्या तोंडून ऐकलेले वेगळे. त्यानंतर तू किती महिने पुन्हा तसाच, त्याच पद्धतीने खेळत राहिलास, चिडून एकही मोठी रक्कम टाकली नाहीस, हेही सांग. तुझ्या या गोष्टीचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे आणि ते मी तुला कधी बोललो नव्हतो. तुझी जुनी वही सापडली तर ती त्याला दाखव. त्यातली चिडून पेनाने भोसकलेली पाने दाखवलीस तरी चालेल, त्याला हसू येईल आणि तो ऐकेलही.

आणि एक्का-गुलामाच्या त्या फोल्डबद्दल तुझे मत मला लेखी हवे आहे, आकड्यांसह. पाचही जणांच्या चिप्स, ब्लाइंड आणि बक्षिसांची विभागणी मी वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. माझ्याशी सहमत व्हायचे नसेल तर होऊ नकोस, पण हिशेब करून हो.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नवी जागा मानवली का? काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, त्यांना माझा नमस्कार सांग. धाकटीच्या परीक्षा संपल्या असतील, तिचे अभिनंदन मी वेगळे लिहून करीनच.

ताईचा मुलगा येत्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येणार आहे. तोवर पैसे भरणार नाही, असे त्याने मला कबूल केले आहे. त्या वेळी फोन कर आणि थेट त्याच्याशीच बोलायचे आहे म्हणून सांग.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र