आजार एकेकटे येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानावर एका आठवड्याला मधुमेह येतो, पुढच्याला रक्तदाब, मग सांधेदुखी. दवाखान्याच्या बाकावर मात्र हे तिन्ही बहुधा एकाच माणसाच्या अंगात असतात.

स्कॉटलंडमधल्या 314 दवाखान्यांतील साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 23 टक्के लोकांना दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार होते. ही टक्केवारी नाव नोंदवलेल्या सगळ्यांची; वर्षभर दवाखान्याची पायरी न चढलेलेही त्यात आले. रोज तपासायला येणाऱ्यांत मोजलं तर आकडा बराच वर जातो, कारण ज्याला आजार जास्त त्याच्या खेपाही जास्त. हा फक्त म्हातारपणाचा प्रश्न, हेही खरं नाही: एकाहून अधिक आजार असलेल्यांत 65 वर्षांखालचेच संख्येने जास्त निघाले आणि गरीब वस्त्यांत हे दुखणं 10 ते 15 वर्षं आधी सुरू झालेलं दिसलं.

खरी गफलत औषधांत होते. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं, घोट्यांवर सूज येते. ती औषधाचीच, पण तिच्यावर लघवीची गोळी दिली जाते. त्या गोळीने युरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा ठणकतो, म्हणून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. त्याने रक्तदाब पुन्हा वर, म्हणून रामिप्रिलची भर. लघवीची गोळी, डायक्लोफिनॅक आणि रामिप्रिल एकत्र चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, की मूत्रपिंड थोड्याच दिवसांत बसू शकतं. प्रत्येक चिठ्ठी सुटी पाहिली तर बरोबरच वाटते!

म्हणून वर्षातून एकदा तरी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत; मलम, थेंब, काढे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही. प्रत्येक पाकिटाला विचारायचं: कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून, खरंच घेता का? एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचं इथेच सापडतं. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासावं. मात्र घरच्या घरी काही बंद करू नये. रक्तदाब-हृदयविकारासाठीचा बीटा-ब्लॉकर एकदम सोडला तर छातीत दुखणं उसळू शकतं.

पाच मिनिटांच्या तपासणीत हे बसत नाही, त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्यावी. आपल्या लेखांखालीही 'सोबत आणखी कोणती औषधं चालू आहेत?' अशी छोटी चौकट देता येईल का?

आपले,
काही फॅमिली डॉक्टर