लागोसहून दत्त्यास

लागोस, रविवार

प्रिय दत्त्या,

तब्येत ठीक. मलेरिया होऊन गेला, शुगर गोळीवर आहे. तुझा गुडघा वाकायला लागला हे सुमीकडून कळलं. आजारपण संपलं.

हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. कुलकर्णी सुट्टीवर सांगलीला चाललाय, त्याच्या हाती पाकीट देतोय. त्याला चहा पाज, पण माझ्यासाठी म्हणून काही देऊ नकोस. मागचा चिवडा त्याने विमानातच संपवला आणि वर मला म्हणतो, तिखट कमी होतं.

आमच्या गोदामातला तो इग्बो पोरगा आठवतो? (इग्बो म्हणजे इथे नायजेरियातला एक मोठा समाज.) ज्याचा व्हिडिओ बघून तू म्हणालास, अरे ही तर घाटगे मास्तरांची चाल! तेव्हापासून मी त्या पोराला मास्तरच म्हणतो. तर त्या मास्तरांचं लग्न ठरलं होतं, डिसेंबरात. नाताळ आला की इग्बो मंडळी झाडून गावी जातात. ओनित्शाला नायजर नदीवर गाड्यांची ही रांग लागते. 2023 मध्ये दुसरा पूल झाला तरी रांग आहेच. लग्नं, वास्तुशांती, म्हाताऱ्यांचे मान, सगळं त्याच सुट्टीत उरकायचं.

पोरगी फार्मसिस्ट. चर्चमध्ये गाताना ओळख झाली. प्रेमात पडायच्या आधी इथे 'जीनोटाइप' विचारतात. सिकलसेल! आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे आहे ना, तोच रक्ताचा आजार. इथे दर चार-पाच माणसांत एकाच्या रक्तात तो लपलेला. दोघंही 'एएस', म्हणजे तो दोष रक्तात लपलेले, निघाले तर बरीच चर्चं लग्न लावायलाच तयार नसतात. हा 'एए', म्हणजे दोष नसलेला, ती 'एएस', म्हणजे काळजी नाही. कागद आला त्या दिवशी त्याने अख्ख्या गोदामाला कोल्ड्रिंक पाजलं.

मग त्याचे काका पोरीच्या गावी चौकशीला गेले. आपल्याकडे जातात तसेच, सहज गेल्यासारखं दाखवून. परत आले ते तोंड पाडून. पोरीचं घराणं ओसू.

ओसू म्हणजे पूर्वी देवाला वाहिलेली माणसं. कुणी नवसाची, कुणी जीव वाचवायला स्वतःच देवळाच्या आसऱ्याला गेलेली. तुला जेजुरीच्या मुरळ्या आठवतील, मलाही त्याच आठवल्या. पण इथे अख्खं घराणं वाहिलं जायचं, पिढ्यान्‌पिढ्या. बाकीचे 'डियाला', भूमीचे पुत्र. ओसूशी लग्न केलंस की तूही ओसू, तुझी पोरंही. 1956 सालीच तिथल्या प्रांतिक विधिमंडळाने कायदा करून हे मोडीत काढलं, देश स्वतंत्र व्हायच्या 4 वर्षं आधी. राज्यघटनेचं 42वं कलम सांगतं की जन्मावरून कुणाला कमी लेखायचं नाही. कायद्याच्या बाबतीत आपल्याइतकेच पुढारलेले आहेत, लेका.

आणि ज्या देवाला वाहिलं तो देवच आता नाही. देऊळ पडलं, गाव कॅथलिक झालं, पोरीचा पणजा बाप्तिस्मा घेऊन वारला. मिशनऱ्यांच्या शाळेत आधी शिरलेल्यांत हीच मंडळी पुष्कळ, कारण गावात त्यांचं जायचं काय होतं? डॉक्टर झाले, वकील झाले, माड्या बांधल्या. देव गेला, ओसू तेवढा राहिला.

मास्तरांची आई चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष, हातात कायम जपमाळ. तिचा फोन त्याने मला ऐकवला. अर्धं इग्बो, अर्धं इंग्रजी. म्हणते, पोरगी गुणाची आहे, माझं काही म्हणणं नाही, पण तुझ्या पाठच्या बहिणींना कोण करून घेईल?

दत्त्या, अंगावर काटा आला. तुमच्या माजघरात तांदूळ निवडताना, मान वर न करता, काकूंनी हेच म्हटलं होतं. अक्षराचा फरक नाही. फक्त तिथे जपमाळ नव्हती, सूप होतं.

मला म्हणाला, "ओगा, तुमच्याकडे तर हे असतंच ना?" ओगा म्हणजे साहेब. त्याची आई झी वर्ल्डवर आपल्याकडच्या सासू-सुनांच्या मालिका इंग्रजीत बघते, त्यामुळे भारताची माहिती घरात भरपूर. मग मी त्याला तुझी गोष्ट सांगितली, नाव न घेता. रजिस्ट्रार कचेरी, मी आणि पश्या साक्षीदार, पश्याचा उसना ब्लेझर, पेढ्यांचे पैसे मागणारा कारकून. हाराचे पैसे मीच दिले होते हेही सांगितलं, म्हणजे निदान आफ्रिकेत तरी खरा इतिहास नोंदला जाईल.

सगळं ऐकून त्याने दोनच प्रश्न विचारले. तुझा मित्र सुखी आहे का? आणि त्याची आई नंतर आली का?

काकू सुमीच्या बारशाला आल्या होत्या. पाळण्याची दोरी ओढली आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या. वहिनी तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. हे मी त्याला सांगितलं नाही. आक्काचं लग्न शेवटी कधी आणि कुठे झालं तेही नाही. "आल्या होत्या," एवढंच म्हणालो.

इथे लागोसात इकोयीच्या रजिस्ट्रीत उद्या जाऊन सही केली तर कायद्याने लग्न पक्कं. पण इग्बोंचं खरं लग्न गावातल्या मांडवात. मागे मी नेवीजवळच्या एका गावात बघितलं. ताडीचा पेला हातात घेऊन नवरी गर्दीतून नवऱ्याला शोधत फिरते. वाटेत टवाळ पोरं "मीच तो, इकडे दे" म्हणून ओरडतात. नवरा दिसला की गुडघे टेकून त्याला पेला देते, मग पैसे उधळायला सुरुवात. (नोटा उधळणं इथे गुन्हा आहे, 2024 मध्ये लोक त्यापायी तुरुंगात गेले. उधळतातच.) त्याआधी घरातला वडीलधारा कोलाचं फळ उचलून आशीर्वाद देतो, इग्बोतच, कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणतात. मग ते फोडून सगळ्यांना वाटायचं. आणि ओसूने डियालांच्या बैठकीत कोला फोडायचा नाही.

मास्तरांची खरी धास्ती ही. आई आज ना उद्या नरमेल, असं त्याला वाटतं. पण उद्या मुलगा झाला आणि तो म्हातारा होऊन भाऊबंदांच्या बैठकीत बसला, तर कोला त्याच्या हातात देतील का? बायको अजून घरात आली नाही आणि हा मुलाच्या म्हातारपणाची काळजी करतोय. मी हसलो नाही.

आमच्या हिशेब खात्यातली योरुबा बाई (योरुबा हा इथला दुसरा मोठा समाज) म्हणते, हे इग्बो आजोबा तपासतात, आम्ही नुसतं रक्त तपासतो. तिचा नवरा मुसलमान, ती ख्रिस्ती. घरात ईदचा मेंढा आणि नाताळचा भात दोन्ही. मी म्हटलं, वा! मग विचारलं, तुमच्या पोरीने इग्बो मुलगा आणला तर? म्हणाली, "त्यासाठी आम्ही प्रार्थना करू."

सगळ्यांचं एकच पालुपद: आमची संस्कृती आहे. मास्तरांनाही ती हवीच आहे, पेला हवा, ढोल हवा, काकांचा आशीर्वाद हवा. मला वाटतं, तेवढं ठेवून बाकीचं टाकता येतं. तू नाही का कोर्टात लग्न करून आल्यावर सत्यनारायण घातलास? पुरोगामी सत्यनारायण म्हणून मी तुला किती पिडलं! माझं मत अजून तेच आहे. प्रसाद मात्र उत्तम होता.

साक्षीदार म्हणून सही करायला त्याने मला बोलावलंय. करणार आहे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी कोणत्या तोंडाने देऊ? आपण दोघं इतक्या वेळा बसलो, नको ते सगळं बोललो, हे कधी नाही. तू हसत असतोस म्हणून मी सुखी धरून चाललो. तर आता सरळ सांग. आणि वहिनींना वेगळं विचार. तांब्या त्यांच्या हातात होता. त्या सांगतील तेव्हा तू खोलीत थांबू नकोस, मध्येमध्ये बोलतोस.

सुमीला नोकरी लागली, फार बरं वाटलं. पुण्यात खोली मिळाली का? गच्चीचं गळणं थांबलं असेलच. नसेल तर त्या मिस्त्रीला पैसे देऊ नकोस, मी तेव्हाच सांगत होतो.

मास्तर पुढच्या महिन्यात आईशी बोलायला गावी निघतोय. त्याआधी फोन कर. सकाळी साडेअकराला कर, इथे सात वाजलेले असतात आणि ऑफिसची गाडी यायची असते.

तुझा,
बंड्या